किल्ल्याच्या भिंतीची झील

खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर
(आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून नगरच येतं, समजून घे.)

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम.

पहाटेचे साडेचार वाजलेत. आजी उठायच्या आत चहाचं आधण ठेवलंय आणि ते उकळेपर्यंत हे पत्र सुरू करतोय, तेव्हा चहा उतू गेला तर बोल तुला लागणार. तू फोनवर पाठवलेला लांबलचक मजकूर सूनबाईनं मला दोनदा वाचून दाखवला आणि सोबतचा फोटोही बोटांनी मोठा करून दाखवला. लाकडी फळीवर ओळीनं मांडलेल्या तुझ्या गिटारच्या पेडलांच्या त्या पिवळ्या, निळ्या, नारिंगी डब्या बघून मला आधी वाटलं, पोरानं पुण्याला जाऊन मसाल्याचं दुकान टाकलं की काय! मग मधली रिकामी जागा दिसली आणि जीव जरा चरकला, कारण तिथली हिरवी डबी माझ्याकडे आहे, आणि तिची एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवली आहे. ती सांगतोच पुढं. पत्र पोस्टानं येईल, चार दिवस उशिरा मिळेल, पण बरंच आहे ते. तू ज्या गडबडीत लिहिलं आहेस ती गडबड तोवर थोडी निवलेली असेल.

तू विचारलंस की नाताळच्या उपासनेच्या आत तो मोठा मल्टी-इफेक्ट डबा हप्त्यावर घेऊ का. याचं उत्तर मी शेवटी देणार. म्हाताऱ्या माणसाला पत्रात तेवढी सवलत असते. शिवाय तुझे आजोबा असते तर त्यांनी हप्ता हा शब्द ऐकताच ढोलकीवर एक थाप मारून विषय संपवला असता; त्यांच्यामागं मी तुझा अर्धा आजोबा, म्हणून अर्धंच रागावतो.

तुला वाटत असेल, पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला या पेडलांमधलं काय कळणार. अरे, चाळीस वर्षं मी याच गावात रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. तुझ्या डबीचं बूड मी उघडलं तेव्हा आत सगळी जुनी ओळखीचीच मंडळी बसलेली होती: रेझिस्टर, कपॅसिटर, दोन-चार डायोड, एक आठ पायांची आयसी, आणि नऊ व्होल्टची वीज. हसू कशाचं आलं सांगू? माझ्या दुकानात माणसं रेडिओ काखेत मारून यायची आणि म्हणायची, "मास्तर, आवाज फाटतोय, बघा जरा." तो फाटका आवाज नीट करून देण्यावर माझा प्रपंच चालला, मुलं शिकली. आणि तुम्ही पोरं आता चांगले पैसे मोजून तोच फाटका आवाज विकत आणता आणि त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणता.

पण त्याचा जन्मही बिघाडातूनच झालेला, हे तुला आवडेल. १९६० च्या सुमाराला अमेरिकेत नॅशव्हिलला एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं, मार्टी रॉबिन्स म्हणून गाणारा होता आणि ग्रेडी मार्टिन म्हणून वाजवणारा. मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि गिटार भुंग्यासारखी घरघरली. दुसऱ्या कुणी ती पट्टी पुसून टाकली असती, यांनी ठेवली. मग १९६२ मध्ये मायस्ट्रो फझ-टोन नावाची डबी बाजारात आली, जी तो बिघाड पायानं चालू-बंद करून द्यायची. आधी ती फारशी कुणी विचारली नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचं एक गाणं तिच्या आवाजात गाजलं आणि मग डब्या पुरेनात. बिघाडाला तीन वर्षं वाट बघावी लागली. माणसाला तेवढी बघायची म्हटली तर?

आत काय होतं ते एकदा समजून घे, म्हणजे बटणं फिरवताना हात आंधळा राहणार नाही. तारेचा आवाज लाटेसारखा वर-खाली जातो. डबी आधी ती लाट मोठी करते आणि मग डायोड तिचे शेंडे छाटतात, मेंदीचं कुंपण कात्रीनं सपाट करावं तसे. छाटलेल्या शेंड्यांमुळे आवाजात नवे बारीक सूर मिसळतात आणि तो भरदार लागतो. म्हणूनच हलक्या हातानं वाजवलं की लाट छाटणीपर्यंत पोचतच नाही आणि आवाज स्वच्छ राहतो, जोरात वाजवलं की फाटतो. म्हणजे ड्राइव्हचं बटण डबीवर असलं तरी अर्धं तुझ्या बोटांत आहे. उपासनेत शांत कडव्याला तू पायानं डबी बंद करतोस, खट्ट असा आवाज होतो आणि प्रार्थनेत डोळे मिटलेल्या म्हाताऱ्या दचकतात. त्यापेक्षा डबी चालूच ठेव, गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरव आणि हात हलका कर. तुझा हात मुळात हलकाच आहे, मला ठाऊक आहे. लहानपणी पेटीच्या पट्ट्यांवरून तू मांजराच्या पावलांनी बोटं फिरवायचास.

आता हिरव्या डबीची गोष्ट. दिवाळीत तू ती स्विच अडकतो म्हणून माझ्याकडे ठेवून गेलास. स्विच मी पाच मिनिटांत बदलला आणि मोठ्या ऐटीत चालू करून बघायला गेलो. तुझा अडॅप्टर तू नेलेला, म्हणून खणातला जुना टेपरेकॉर्डरचा काढला. नऊ व्होल्टचा होता, पिनही बसली. मी, चाळीस वर्षांचा मेकॅनिक, ज्यानं शंभर पोरांना ओरडून सांगितलं असेल की आधी मीटर लाव मग वीज दे, त्या मी मीटर लावला नाही. आजीला दाखवायची घाई झाली होती रे. बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेच्या आतल्या भोकात प्लस असतो आणि तुमच्या पेडलांना तिथं मायनस लागतो. बारीकसा धूर निघाला, आणि आजीनं नाकाला पदर लावून विचारलं, "झालं का दुरुस्त?" नशीब असं की पुरवठ्याच्या तोंडाशी एक राखणदार डायोड बसवलेला होता, तो बिचारा जळाला आणि बाकीचं घर वाचलं. तेव्हा डब्यांच्या पिशवीत 'आत मायनस' असं लिहिलेली एक पट्टी चिकटवून ठेव, आणि प्रत्येक डबीवर लिहिलेले मिलिअँपिअर वाच. साध्या ड्राइव्हच्या डबीचं थोडक्यात भागतं, पण डिजिटल डिले-रिव्हर्ब खादाड असतात, एकेकाला तीनशेही लागतात. एकाच अडॅप्टरला माळ करून सगळे जोडलेस की गुंई असा आवाज येतो तो बहुतेक त्यामुळंच. प्रत्येक डबीला वेगळा अलग पुरवठा देणारा एक चांगला डबा घेतलास तर ते पैसे वाया जाणार नाहीत. दिसायला तो कंटाळवाणा असतो, फोटोत कुणी बघत नाही, पण आपल्याकडची वीज तुला माहीत आहे: सकाळी नखरे, दुपारी गायब, संध्याकाळी इन्व्हर्टरची घरघर.

चहा झाला. आजी उठली आणि मी पहाटे दिवा लावून डोळे फोडतोय म्हणून बोलली. तिचं बोलणं होईपर्यंत मी थांबलो, आता पुढं लिहितो.

तुझी खरी आवड डिलेची, म्हणजे पडसादाच्या डबीची आहे, हे मी तुझ्या मजकुरावरून ओळखलं. त्या ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँग चर्चच्या गाण्यांमध्ये गिटार एकटीच असते पण चार गिटारी झिमझिम वाजताहेत असं वाटतं, तसं तुला आपल्या उपासनेत आणायचं आहे. ती तऱ्हा मुळात आयर्लंडच्या यू-टू या मंडळातल्या एज नावाच्या वादकानं १९८० च्या दशकात रूढ केली आणि तिथून ती जगभरच्या चर्चांमध्ये गेली. तिचं गुपित तू मला मोठ्या कौतुकानं सांगितलंस, डॉटेड एट्थ की काय ते. मी कागदावर मांडून बघितलं आणि मोठ्यानं हसलो. अरे, ती आपली पाऊणकी! आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचो, गुरुजी छडी घेऊन उभे असायचे. मिनिटाला ७५ ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण, ६००. तू अर्ध्या-अर्ध्या ठोक्याला वाजवत राहायचं आणि पडसाद पाऊण ठोक्यानं मधल्या फटीत येऊन बसायचा, म्हणजे हात एक आणि ऐकू येतात दोघं. तू यासाठी फोनमध्ये ॲप ठेवलंस म्हणे. आठाची पाऊणकी सहा, याला ॲप कशाला?

आणि हा डिले तर आम्ही फुकट वाजवला आहे. आपल्या किल्ल्यासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही पोरं उभी राहून भिंतीकडं तोंड करून टाळ्या वाजवायचो. १७९५ च्या मार्चमध्ये याच मैदानात पेशव्यांच्या बाजूनं शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र झाले आणि निजामाला याच किल्ल्यात येऊन बसावं लागलं, हे गुरुजींनी शिकवलेलं. त्यामुळं आम्ही टाळ्यांना तोफा म्हणायचो. भिंतीच्या फार जवळ उभं राहिलं की पडसाद टाळीतच मिसळून जायचा. मागं सरकत गेलं की तो हळूहळू सुटा व्हायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा ६०० मिलिसेकंदांत २०४ मीटर. जायला अर्धे, यायला अर्धे. म्हणजे तुझी ती लाडकी पाऊणकी हवी असेल तर भिंतीपासून १०२ मीटरवर उभं राहायचं. डबीवरचं टाइमचं बटण फिरवणं म्हणजे किल्ल्यापासून मागं-पुढं चालणं, एवढंच लक्षात ठेव.

तुझी निळी डबी ॲनालॉग आहे असं लिहिलंस, तिचा पडसाद दर खेपेला थोडा मळकट होत जातो आणि तो तुला गोड लागतो. त्याचंही कारण आहे. तिच्या आतल्या चिपला बकेट ब्रिगेड म्हणतात, बादल्यांची रांग. फिलिप्स कंपनीतल्या दोघांनी १९६९ मध्ये ती युक्ती काढली. आवाजाचा एकेक तुकडा विजेच्या थेंबासारखा एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून पुढच्यात असा ओतत न्यायचा. काही चिपांमध्ये अशा ४०९६ पायऱ्या असतात. मला बादल्या नाही, घमेली आठवली. १९७२ च्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा होतो आणि पाझर तलावाच्या कामावर जायचो. माणसांची रांग, खालून मातीचं घमेलं उचलायचं, शेजारणीच्या हातात द्यायचं, तिनं पुढं द्यायचं. दर हाताला थोडी माती सांडायची, वर पोचेपर्यंत घमेलं काठाखाली गेलेलं असायचं. तुझ्या चिपमध्येही तसंच होतं. रांग हळू चालवली की पडसाद लांबतो, पण वाटेत बारीक कणसूर सांडतात. दुपारी सुकडी मिळायची, ती मी अर्धी बांधून घरी धाकट्या बहिणीला आणायचो. असो, कुठून कुठं गेलो बघ.

सांगायचं होतं ते झिलीचं. माझे वडील उपासनेत येऊ लागण्याच्या आधी एका शाहिराच्या मागं उभे राहायचे, हातात तुणतुणं. शाहीर कडवं म्हणणार आणि शेवटचा शब्द सुटला की मागच्यांनी तो उचलून धरायचा, त्याला झील धरणं म्हणतात. वडील सांगायचे, झीलकऱ्यानं शाहिराचा श्वास ऐकायचा असतो. तो दम घेतोय की पुढं निघालाय हे पाठीवरून कळलं पाहिजे. तू डिले लावतोस तेव्हा झीलकरी कामाला ठेवतोस. पण हा झीलकरी ठार बहिरा आहे. त्याला ६०० सांगितलं की तो ६०० नंच येणार, शाहीर कुठंही असो.

आणि इथंच आपल्या गाण्यांची गंमत आहे, जी त्या हिलसाँगच्या पोरांना ठाऊक नसते. त्यांचे वादक कानात ठोका लावून वाजवतात, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका वेगात चालतं. आपली भजनं तशी नाहीत. आपल्या नगर भागात अमेरिकन मिशनचे लोक १८३१ मध्ये आले आणि बराच काळ उपासनेत विलायती चालींवर बसवलेली मराठी गीतं चालायची. लोक ती म्हणायचे, पण मान डोलायची नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं ते नगरला राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात, कीर्तनात आणलं. त्यांची कितीतरी पदं आजही आपल्या उपासना संगीताच्या पुस्तकात आहेत; तुला मी वेगळं सांगायला नको, ती तू माझ्या मांडीवर शिकलास. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मात्र तू अजून वाचलं नसशील, नाताळला घेऊन जा, हसून लोळशील.

तर ही भजनं विलंबित उठतात, धुमाळीत चालतात आणि शेवटी टाळकरी तापले की धावत सुटतात. ७५ ला उठलेलं भजन ९० ला कधी गेलं कळतही नाही. ९० ला पाऊण ठोका ५०० चा होतो, आणि तुझा बहिरा झीलकरी ६०० वरच अडून बसलेला असतो. गेल्या ईस्टरला तसंच झालं, आठवतं? मंडळी पुढं गेली, तुझे पडसाद मागं राहिले, ढोलकीवाला गोंधळला आणि तू घाबरून आवाज वाढवलास. कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे. पाळकसाहेब तर म्हणाले, पोरानं छान साथ केली. मी पेटीवर होतो, मला कळलं. यावर उपाय दोन. एक तर टॅप टेम्पोची सोय असलेला डिले, ज्यात दर कडव्याला पायानं चार ठोके देऊन त्याला नवी लय सांगता येते. दुसरा उपाय बिनपैशाचा: ढोलकी चढायला लागली की डिले बंद करायचा. त्या वेळी शंभर माणसं टाळ्या वाजवत असतात, फट उरलेलीच नसते. पडसाद कुठं बसवणार? डिले ठेव सुरुवातीच्या आळवणीला आणि प्रार्थनेच्या मागं, जिथं गाणं श्वास घेतं. स्तोत्रसंहितेत मधेच 'सेला' येतं ना, ७१ वेळा येतं, आणि कित्येक पंडित ती वाद्यांसाठीची थांबण्याची खूण मानतात. ती तुझी जागा.

पट्टीचंही एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. मी काळी एक म्हणालो की तू गोंधळतोस आणि फोनमध्ये शोधतोस. हे एवढं पाठ कर: कॅपो पहिल्या फ्रेटवर लाव. मग सी धरलास की काळी एक, डी धरलास की काळी दोन, एफ की तीन, जी की चार, ए की पाच. पाचही काळ्या पट्ट्या एका कॅपोत. बायका गाणार असतील तेव्हा मी चार किंवा पाच सांगेन, तू जी नाहीतर ए धरायचास. हे मला परवा रात्री झोप येत नव्हती तेव्हा सुचलं आणि मी अंधारात इतका खूश झालो की आजीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, सकाळी सांगा.

रिव्हर्बबद्दल, म्हणजे आवाज घुमवण्याबद्दल, तू खूप लिहिलंस, हॉल, प्लेट, शिमर. मला त्यातलं शिमर समजलं नाही, ऐकवशील तेव्हा बघू. पण आपल्या प्रार्थनेच्या जागेवर पत्रा आहे आणि भिंती उघड्या सिमेंटच्या. तिथं देवानं आधीच रिव्हर्ब देऊन ठेवलाय, त्यावर तू आणखी ओतलास की पेटी, गिटार, शब्द सगळ्याचं पिठलं होतं. शनिवारी सरावाला हॉल रिकामा असतो, आवाज जास्त घुमतो; रविवारी माणसं, शाली, लेकरं येऊन बसली की ती बराचसा आवाज पिऊन टाकतात. म्हणून शनिवारी लावलेली बटणं रविवारी तशीच ठेवू नकोस. पहिलं गीत चालू असताना एकदा मागच्या दारापर्यंत जाऊन ऐक. गिटार वाजवणाऱ्यानं तिच्यापासून लांब जाऊन ऐकणं ही अवघड गोष्ट आहे, मलाही पेटीबाबत जमायला वीस वर्षं लागली. मागं बसलेल्या बायांना स्वतःचं गाणं ऐकू येतंय का, एवढंच बघायचं.

जामखेडला १९७० मध्ये डॉक्टर आरोळे नवरा-बायको आले तेव्हाचं जुनी माणसं सांगतात. शिकून आलेले डॉक्टर, औषधं हाताशी, पण गावोगाव बसून आधी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. लोक म्हणाले पाणी आणि अन्न, तेव्हा तिथून सुरुवात केली. नंतर १९७९ मध्ये मॅगसेसे मिळाला, जगभरातून माणसं बघायला आली. मला आपलं कौतुक त्या आधीच्या बसण्याचं वाटतं. मागच्या दारापर्यंत गेलास की तूही थोडा वेळ तिथं बसावंस, म्हणून आठवलं.

आता हप्ता. मी नाही म्हणत नाही. तू पैसा उधळणारा नाहीस. मेसचे पैसे वाचवून पहिली गिटार घेतलीस हे मी विसरलेलो नाही, आणि ती घेतल्यावर आईला साडी नेलीस हेही. तो मोठा डबाही वाईट नाही, त्यात म्हणे शंभरावर आवाज असतात. पण नाताळला किती दिवस उरलेत? त्या दिवसांत तू शंभर आवाज चाळत बसशील आणि हात गिटारवर कमी, पडद्यावर जास्त राहील. उपासनेत गीत बदललं आणि हवा तो आवाज सापडला नाही तर तुझ्या कपाळावर घाम येईल, आणि तो घाम मला बघवत नाही. आत्ता हाताशी आहे त्यात भर घालायचीच असेल तर एक ट्यूनरची डबी घे. पायानं दाबली की आवाज बंद होतो आणि तारा गुपचूप जुळवता येतात. प्रार्थना चालू असताना टुंई टुंई ऐकू येत नाही. डिसेंबरात पहाटे थंडीतून गिटार आत आणलीस की लगेच जुळवू नकोस. अर्धा तास तिला पिशवीतून काढून हॉलमध्ये नुसती ठेव, खोलीची हवा तिला लागू दे, मग जुळव. मोठ्या डब्याचं उन्हाळ्यात बघू. तेव्हाही हवा असेल तर अर्धे पैसे जमव, उरलेले मी देईन, बिनहप्त्याचे.

पहाटे उठतोस का रे अजून? हॉस्टेलवर जमत नसेल, पण जमव. साडेपाचला गिटार प्लग न लावता मांडीवर घे, एकही डबी नको, फोनचा ठोका ६० वर लाव आणि चार कॉर्ड एवढ्या हळू बदल की बदलताना कुठली तार अर्धवट दबते ते कानाला लागेल. मी अजून बसतो पेटीवर, भाता हळू ओढत, शेजारी झोपलेले असतात म्हणून. वाजवून झालं की तारा सुती फडक्यानं पुसून ठेव, घाम राहिला की त्या गंजतात. पुसलेल्या तारा दुप्पट टिकतात असा माझा अंदाज आहे. आणि केबल कोपरावर गुंडाळतोस ते बंद कर. आतली तार पिळली जाते आणि पुढं महिन्याभरात खरखरायला लागते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं हातात घे. तुटलीच तर फेकू नकोस, माझ्याकडे आण. डाग द्यायची माझी इस्त्री अजून गरम होते आणि हात फार थरथरत नाही, सकाळी तर मुळीच नाही.

नाताळला येशील तेव्हा पन्नास मीटरची टेप कुठून मिळाली तर घेऊन ये, आपल्याकडं कुणा गवंड्याकडं लांब टेप असेल असं वाटत नाही. पहाटे सहाला किल्ल्यावर जाऊ, गिटार नको. तू फोनमध्ये ७५ चा ठोका लावून टाळ्या वाजवत मागं मागं चालत राहायचं, आणि पडसाद पाऊण ठोक्यावर बसला की मी हात वर करीन, तू तिथंच थांबायचं. मग मोजू. १०२ निघतात का बघू. थंडीत आवाज जरा मंद चालतो, तेव्हा एखादा मीटर कमीच निघेल असा माझा होरा आहे. पोरं जमतील बघायला, जमू देत.

आजी तुझ्यासाठी तिळाच्या वड्या आत्तापासूनच करायचं म्हणतेय, संक्रांत लांब आहे हे सांगूनही ऐकत नाही.

तुझा,
अर्धा आजोबा

ता. क. हिरवी डबी आता ठणठणीत वाजते, या वेळी मीटर लावून बघितलं. डायोडचे दोन रुपये झाले. ते माझ्याकडेच राहू देत, पण स्विचचे तू देणं लागतोस.